शेऱ्याचा रकाना

शाळेतल्या बाईंनी सुट्टीतल्या वाचन शिबिरासाठी यादी मागितली. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी साहसाची, अद्भुताची दहा पुस्तकं, "तुमच्या आवडीची, सर." चहा निवायच्या आत नऊ लिहून झाली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, त्यांनीच मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, नाथमाधवांचा 'वीरधवल', नारळीकरांचा 'प्रेषित', अशी खाली उतरत हॅरी पॉटरपर्यंत. हॅरी पॉटरचा पहिला भाग मी निम्म्यात सोडलाय, आणि तरी गेली पंधरा वर्षं तो पोरांना छातीठोकपणे सुचवतोय. हे कबूल करायला फारसं धैर्य लागत नाही, म्हणून आधी उरकून घेतो.

दहाव्या नंबरावर अडलो. पोरांनी जास्त काय नेलं ते बघावं म्हणून वाचनालयाचं देवघेव रजिस्टर काढलं. राळेगाव तालुक्यातल्या गावातलं आमचं 'ड' वर्गाचं वाचनालय म्हणजे एक खोली आणि दोन लोखंडी कपाटं. मास्तरकी होती तेव्हा शाळा सुटल्यावर मी ते उघडायचो, आता निवृत्तीनंतरही उघडतो. रजिस्टरमधलं अक्षर पहिल्यापासून माझंच. पुस्तकाचं नाव, वाचकाचं नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, आणि शेवटी शेऱ्याचा अरुंद रकाना.

डिसेंबर 2015 च्या पानावर बोट थांबलं. 'श्यामची आई'. नेलं 14 तारखेला, आणलं 15 ला. शेरा : सुस्थितीत परत.

सातवीतला पोरगा होता. दिवाळीनंतर त्याच्या वडिलांनी जीव दिला होता. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात अशी बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते, आणि त्या चार ओळींत वय, किती एकर आणि कर्ज किती एवढंच असतं. महिनाभराने तो कपाटापुढे येऊन उभा राहिला. डोकं भादरलेलं, केस नुकते फुटत होते. म्हणाला, "सर, मले ते सायकलवालं द्या ना. फास्टर फेणे."

पुस्तक माझ्या कोपराजवळ होतं. मी म्हणालो, "ते बाहेर गेलंय रे." आणि 'श्यामची आई' काढून त्याच्या हातात दिलं.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की फास्टर फेणे त्या दिवशी खरंच बाहेर गेला असावा. पण त्याच पानावर, चार ओळी वर, माझ्याच अक्षरात लिहिलंय : फास्टर फेणे, परत 9 डिसेंबर. पुढची नोंद 21 ची. बारा दिवस फुरसुंगीचा बन्या फेणे कपाटात बसून होता.

'श्यामची आई'बद्दल माझी तक्रार नाही. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं ते पुस्तक मी वर्गात वाचून दाखवताना कितीदा गहिवरलोय. पण त्याच्या शेवटी आई जाते. बाप जाऊन महिना झालेल्या पोराला मी कुठलं पुस्तक दिलं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही असंही म्हणवत नाही. लक्षात आलं होतं. मला वाटलं, दुःखातल्या पोराला दुःखाचंच पुस्तक शोभतं. सुतकाच्या घरी गोडधोड शिजत नाही, तसं.

याच्याही खाली आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सांगताना जीभ जड होते. मी भ्यालो होतो. हे पोरगं फास्टर फेणे वाचून खिदळलं, आणि त्याच्या आज्याने किंवा गल्लीतल्या कुणी विचारलं, काहून हसून रायला, तर उत्तर येणार, सरांनी पुस्तक दिलं. शिवाय त्याच्याशी काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. मी सांत्वनाला त्याच्या घरी गेलो होतो, ओसरीवर दहा मिनिटं बसलो आणि कापसाच्या भावावर बोलून उठलो. जे मला जमलं नाही ते साने गुरुजींकडून परस्पर उरकून घेतलं.

तो दुसऱ्या दिवशी आला, पुस्तक टेबलावर ठेवलं, "झालं वाचून" म्हणाला आणि गेला. एका रात्रीत ते झालं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. त्यापुढच्या पानांवर त्याचं नाव कुठेच नाही. मी आज शेवटच्या ओळीपर्यंत शोधलं.

पानं उलटताना आणखी एक दिसलं. साहसाची पुस्तकं नेणाऱ्यांत पोरींची नावं अगदी बोटांवर मोजण्याइतकी. कपाट सगळ्यांना उघडं आहे असं मी म्हणायचो, पण पुस्तक काढून देणारा हात माझाच होता. 2018 च्या पावसाळ्यात आठवीतली एक मुलगी जंगलाचं पुस्तक मागायला आली. आमच्या भागात तेव्हा टी-1 वाघिणीचा धाक होता. अवनी हे नाव बाहेर गाजलं, गावात ती नुसती 'वाघीण'. तिच्यावर 13 माणसं मारल्याचा ठपका होता. बाया शेतात एकट्यादुकट्या जात नसत, संध्याकाळ व्हायच्या आत सगळं शिवार रिकामं. 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली, तोवर हे असंच चाललं. ही मुलगी त्या दिवसांत शेताच्या कडेकडेच्या वाटेने शाळेत यायची. तिला मी शान्ता शेळक्यांची 'चौघीजणी' दिली, मुलींना आवडते म्हणून. दहा दिवसांनी पूर्ण वाचून परत आणली. म्हणाली, "चांगली हाय सर. पण ह्यात जंगल नाही."

हा किस्सा मी पुढे चारचौघांत विनोद म्हणून सांगत राहिलो. आज रजिस्टर समोर ठेवून सांगून पाहिला, हसू आलं नाही.

आणि हे सगळं मी करावं? 1972 च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी, त्याही मोजून. त्या वर्षी मामाकडे जाताना शकुंतला गाडीत कुणाचा तरी फाटका 'वीरधवल' हाती लागला. शकुंतला यवतमाळहून दारव्ह्याकडे अशी निघायची की माणसाने उतरून बिडी पेटवून पुन्हा चढावं. पण त्या दिवशी ती मला फार वेगाने गेल्यासारखी वाटली. दारव्ह्याचं मोतीबाग स्टेशन आलं तेव्हा मी गुप्त भुयारात होतो. मामाने खांद्याला धरून उतरवलं. भूक लागलीय हे पुस्तक मिटल्यावर कळलं.

'वीरधवल' 1913 चा. तो लिहिणारे नाथमाधव सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले होते आणि त्यांचं कमरेखालचं अंग लुळं पडलं होतं. भुयारं, घोडदौडी, तलवारी, सगळं एका जागी खिळलेल्या माणसाने लिहिलेलं. हे मला ठाऊक होतं. मी ते भाषणांत सांगायचो, टाळ्याही घ्यायचो. तरी त्या डिसेंबरात मी ठरवून टाकलं की साहस हे पोट भरलेल्या, बाप असलेल्या पोरांनी वाचायचं असतं.

माझे वडील बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार हातातून हिसकावून चुलीत घालायचे. तेव्हा मी मनात शपथ घेतली होती, आपण असं कधी करायचं नाही. केलं नाही खरं. मी चूल पेटवली नाही, हात उगारला नाही. मऊ आवाजात "बाहेर गेलंय रे" म्हणालो. वडिलांचं निदान दिसायचं तरी.

बाईंनी "तुमच्या आवडीची" म्हटलं होतं, म्हणून यादी सोपी गेली. समोर कुणाचा चेहरा नव्हता. चेहरा समोर आला की माझी आवड कुठे जाते कोण जाणे, मी एकदम 'योग्य काय' ते बघायला लागतो. दहावा नंबर कोराच ठेवून यादी दिली. बाईंनी विचारलं, एक राहिलं का सर? म्हटलं, ते मुलांना विचारून तुम्हीच लिहा. यात मोठेपणा काही नव्हता, मला सुचत नव्हतं.

तो पोरगा आता विशीत आहे. पांढरकवड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पंक्चरचं दुकान चालवतो. माझ्या गाडीचं मागचं चाक त्याच्याकडेच जातं. "नमस्कार सर" म्हणतो, बसायला पालथा डबा पुढे सरकवतो. परवा जाताना फास्टर फेणे गाडीच्या डिक्कीत टाकला, जुनीच प्रत, दाखल शिक्क्याची. ट्यूब पाण्यात बुडवून तो बुडबुडे शोधत होता. अगदी बारीक छिद्र होतं, त्याने ट्यूब गोल फिरवत, कान लावत शोधलं. दुकानात एक बारकं पोरगंही होतं, पाना धरून. "पुतण्या हाय," तो म्हणाला. "लय प्रश्न इचारते."

मी डबा सरकवून उठलो, पैसे दिले. डिक्कीला हात लावला, बंद आहे ना ते पाहिलं, आणि गाडीला किक मारली.