तुलाधाराचा तराजू आणि पनवेलची रेती

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे केले, पिले वाढून उडून गेली तरी तो हलला नाही. आणि या तपाचा त्याला अभिमान झाला, तेव्हा वाराणसीच्या तुलाधार वाण्याची सर तुला नाही, असे आकाशवाणीने त्याला ऐकविले. त्या वाण्याजवळ सांगण्यासारखे व्रत एकच होते: त्याचा तराजू सर्व प्राणिमात्रांस सारखा होता.

१९७० साली सिडको स्थापन झाल्यापासून नवी मुंबईची वस्ती पनवेलच्या वेशीपर्यंत आणि पुढे वेशीबाहेरही पसरत गेली, आणि तिच्याबरोबर रेती, खडी, विटा, सिमेंट पुरविणाऱ्यांची दुकाने वाढली. शेजाऱ्याहून ब्रासमागे पन्नास रुपये उतरल्याशिवाय गिऱ्हाईक टिकत नाही, अशी त्यांतील पुष्कळांची तक्रार असते. तक्रार खरी आहे. परंतु डिझेल, हमाली व वाहतूक ज्या बाजारात सर्वांस सारखीच पडते, तेथे हे पन्नास रुपये येतात कोठून, हा केवळ हिशेबाचा नव्हे, धर्माचा प्रश्न आहे.

ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि रेतीचा स्वभाव असा विलक्षण की पाच-सहा टक्के ओलाव्याने बारीक रेती चतुर्थांशाने, कधी त्याहूनही अधिक फुगते. मापात लबाडी न करताही माप लबाड होऊ शकते. एका वृद्ध दुकानदाराने हे मला काचेच्या बरणीत दाखविले. ओलसर रेती त्याने काठोकाठ भरली, वरून पाणी ओतून बरणी हलविली, आणि पाण्यात बुडालेली ती रेती पाहता पाहता दोन बोटे खाली बसली. थोड्या वेळाने तिच्यावर गाळाचा पिवळसर थर निवळून आला. “साहेब, गिऱ्हाईक भाव विचारतं, हे कोणी विचारत नाही,” एवढेच तो म्हणाला.

मला यात अधिक बोचते ते निराळेच. कापड घेणारा ते स्वतः नेसतो. रेती मात्र ठेकेदार घेतो आणि त्या भिंतीआड राहतो तिसराच, ज्याचे नावही त्या वेळी कोणास ठाऊक नसते. खाडीची रेती न धुता वापरली तर तिच्यातील मीठ आतल्या सळईस गंज चढविते, आणि स्लॅबचा पोपडा पडतो तो त्या अनुपस्थित माणसाच्या पाळण्यावर. भावाची घासाघीस दोघांत होते, पण तराजू तिघांसाठी धरावा लागतो; म्हणून या धंद्यात सचोटी ही सौजन्याची बाब नसून कर्जासारखी देणे असलेली वस्तू आहे असे मी मानतो. शिवाय शेजारी भाव उतरवू शकेल. मालाचा खरेपणा त्याला उतरवून विकता येणार नाही.

पनवेलच्या व्यापारी बंधूंना माझी कळकळीची विनंती आहे: दरफलकाशेजारी अशी एक बरणी ठेवा, प्रत्येक गाडीतली मूठभर रेती गिऱ्हाइकासमक्ष तीत टाका, सिमेंटच्या गोणीवरचा उत्पादनाचा आठवडा त्याला वाचून दाखवा, सळई त्याच्यासमोर काट्यावर चढवा, आणि मग आपला भाव सांगा.