अंतरीचा अडसर आणि परिप्रश्न

कर्तव्य कळत नाही म्हणूनच मनुष्य ते टाळतो, असे नाही. पुष्कळदा कर्तव्य स्वच्छ कळलेले असते, ते करण्याचे सामर्थ्यही असते, आणि तरी पाऊल उचलत नाही. पहाटे नामस्मरणास बसण्याचा निश्चय रात्री केलेला असतो, पण अंथरूण सुटत नाही. वाटणीवरून दुरावलेल्या भावाला पत्र लिहावयास बसावे, तो नेमके दुसरेच काम आठवते. अंथरुणाला खिळलेल्या पित्याची सेवा करण्याची इच्छा असते, परंतु त्याच्या खोलीचा उंबरठा ओलांडताना मन मागे ओढते. बाहेर कोणी अडविणारा नसताना आतून जो अडवितो, तो कोण?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाने जवळजवळ हाच प्रश्न भगवंतांना विचारला आहे. स्वतःची इच्छा नसतानाही, जणू कोणी बळेच ढकलल्याप्रमाणे मनुष्य अयोग्य तेच का करतो, हे त्याला जाणून घ्यावयाचे आहे. या प्रश्नाचे महत्त्व पुरते ध्यानात घेतले पाहिजे. पहिल्या अध्यायात हाच अर्जुन धनुष्य टाकून रथात बसला होता आणि आपल्या नकाराच्या समर्थनार्थ कुलधर्माचे, पापपुण्याचे दाखले देत होता. तेथे तो आपल्या विषादाचा वकील होता. तिसऱ्या अध्यायात तो त्याचा जिज्ञासू झाला. नकाराची बाजू मांडणे सोडून त्याने नकाराचे मूळ शोधावयास घेतले, आणि भगवंतांनीही त्याला काम व क्रोध हे शत्रू दाखवून, ते इंद्रिये, मन व बुद्धी यांच्या आश्रयाने कसे राहतात, हे सांगितले. ज्याचे ठिकाण कळले, त्याच्याशी व्यवहार करता येतो.

अंतरीच्या विरोधाशी मनुष्य सामान्यतः दोन रीतींनी वागतो. एक तर तो त्याला शरण जातो आणि आपल्या आळसास किंवा भीतीस एखादे शोभिवंत नाव देतो. नाहीतर तो त्याच्यावर बळजबरी करतो. चार दिवस मन दबून राहते आणि पाचव्या दिवशी दुप्पट वेगाने उसळते. तिसरा मार्ग पाहण्याचा आहे. तेराव्या अध्यायात इच्छा, द्वेष, सुख व दुःख यांची गणना भगवंतांनी क्षेत्रात केली आहे, क्षेत्रज्ञात नव्हे. म्हणजे मनात उठणारा तिटकारा ही पाहिली जाणारी वस्तू होय. पाहणारा तिच्याहून वेगळा आहे. ‘मी भितो’ असे म्हणणारा भीतीत बुडालेला असतो. ‘येथे भीती उठली आहे, ती कशाची आहे?’ असे विचारणारा तिच्यापासून एक पाऊल तरी दूर उभा राहिलेला असतो.

या मार्गाचे ठळक उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेले आहे. 1914 साली हिंगणघाट येथे जन्मलेले मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, हे वरोड्यात वकिली करीत. धैर्याविषयी त्यांची ख्याती होती. महात्मा गांधींनी त्यांना ‘अभय साधक’ म्हटले होते. सफाई कामगारांचे जिणे कळावे म्हणून त्यांनी मैल्याच्या पाट्याही वाहिल्या होत्या. अशा पुरुषाला एका पावसाळी दिवशी रस्त्याच्या कडेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी दिसला. त्याची बोटे झडलेली होती आणि जखमांत किडे पडलेले होते. ते दृश्य पाहताच बाबा घराकडे पळाले.

पळाल्यावर त्यांनी त्या पळण्यावर पांघरूण घातले नाही. ज्याला आपण निर्भय समजत होतो, त्याच्याच आत हे भय कोठून आले, या प्रश्नाने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. ते परत गेले, त्या मनुष्याला पावसापासून आडोसा केला, त्याला अन्न दिले आणि त्याच्या अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. तरीही अंतरीचा अडसर एका दिवसात निघाला नाही. पुढे कित्येक महिने त्या भयाशी त्यांचा झगडा चालू होता. त्या भयाचा विषय जाणून घेण्यासाठी 1949 साली ते कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत कुष्ठरोगाचा अभ्यास करावयास गेले, आणि तेथे या रोगाच्या जंतूंच्या प्रयोगासाठी त्यांनी स्वतःचे शरीरही देऊ केले. वरोड्याजवळच्या ओसाड जमिनीवर पुढे जे आनंदवन उभे राहिले, त्याच्या मुळाशी हे तपासलेले भय आहे. 2008 साली बाबांनी आनंदवनातच देह ठेवला.

येथे एक शंका रास्त आहे. मनाचा प्रत्येक नकार टाकाऊच असतो काय? अंतःकरण जेथे अधर्माला नाही म्हणते, तेथे त्या नकारालाही प्रश्न विचारून वाकवावयाचे काय? तसे मुळीच नाही. परंतु विवेक आणि भय यांची पारख प्रश्नानेच होते. विवेकाला कारण विचारले तर तो आज, उद्या आणि परवा एकच उत्तर देतो. भयाला कारण विचारले तर ते दर वेळी नवे कारण पुढे करते: आज प्रकृतीचे, उद्या वेळेचे, परवा लोक काय म्हणतील याचे. जो नकार विचारणेने अधिक स्पष्ट होतो, तो पाळावा. जो विचारणेने रूप पालटतो, तो ओळखावा.

छत्तीसगढात चांपानजीकच्या सोंठी गावी स्वतः कुष्ठरोगी असलेल्या सदाशिव गोविंदराव कात्रे यांनी 1962 साली भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट यांनी तेथेच चार दशकांहून अधिक काळ सेवा केली. 2019 साली ते निवर्तले. त्याच प्रदेशात भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली पेटली. तेथील कॅम्प-1 सारख्या कामगारवस्त्यांत नाना प्रांतांची कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहतात. समजा, अशा वस्तीत शेजाऱ्याच्या अंगावर बधिर चट्टा दिसला आणि वैद्याने कुष्ठरोगाचे निदान केले. घरातील पाण्याचा पेला त्याच्या हाती देताना गृहिणीचा हात थबकेल. त्या क्षणी तिने स्वतःस दोष देऊ नये आणि हात मागेही घेऊ नये. थबकणे काय सांगते, ते विचारावे. मग तिला कळेल की हा रोग आनुवंशिक नाही. बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची शक्ती असते. बहुविध औषधोपचार 6 किंवा 12 महिन्यांत पूर्ण होतो, आणि तो सुरू झाल्यावर रोग्यापासून संसर्गाचे भय लवकरच उरत नाही. जाणून घेतल्यावर जे उरते, ते केवळ जुन्या सवयीचे ओझे असते, आणि ते पेला पुढे केल्यानेच उतरते.

म्हणूनच चौथ्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानप्राप्तीसाठी परिप्रश्नाला प्रणिपात आणि सेवा यांच्यामध्ये बसविले आहे. नम्रतेवाचून विचारलेला प्रश्न वितंडवाद होतो, आणि सेवेत न उतरलेला प्रश्न हे टाळाटाळीचेच एक सूक्ष्म रूप ठरते. स्वतःच्या मनाची चिकित्सा करीत वर्षानुवर्षे घरी बसून राहणाराही रथात खाली बसलेलाच असतो.

गृहस्थाने दिवसातून एकदा, जे कर्म करावयाचे टळले त्याच्यापाशी क्षणभर थांबावे. मनाला शिवी देऊ नये, त्याची समजूतही घालू नये. शांतपणे विचारावे की, तू कोणाला भितोस आणि काय राखू पाहतोस? उत्तर ऐकावे, त्याची सत्यता पडताळावी, आणि त्याच दिवशी त्या कर्माचा लहानसा का होईना, एक अंश करावा. पत्राची पहिली ओळ लिहावी. पित्याच्या उशाशी पाच मिनिटे बसावे. सात्त्विक सुख आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे असते, असे अठराव्या अध्यायात सांगितले आहे. आरंभीचा तो कडवटपणा म्हणजेच अंतरीचा अडसर होय. त्याची चव पाहून जो मागे फिरत नाही, त्यालाच पुढील गोडी लाभते.