चौकाची संमति

अलीकडे पाश्चात्त्य देशांतील कलाशाळांच्या शिक्षणक्रमांत एका अभ्यासानें आपलें स्थान पक्कें केलें आहे. विद्यार्थ्यांस चित्रशाळेच्या चार भिंतींबाहेर काढून एखाद्या उपनगराच्या मध्यवर्ती भागांत नेण्यांत येतें, आणि तेथील बाजार, रेल्वेस्टेशन, वाचनालय, मोटारी उभ्या करण्याचे तळ, टाळें लागलेलीं दुकानें यांपैकीं एखादें स्थळ निवडून केवळ त्याच स्थळासाठीं एक कलाकृति रचावयास सांगण्यांत येतें. साधनें कागद-कुंचल्याचीं नसतात. प्रोजेक्टर, ध्वनिक्षेपक, टेलिव्हिजनचे पडदे, माणसाची चाहूल लागतांच जागीं होणारीं यंत्रें, हीं या कलेचीं साधनें. भिंतीवर हलतीं चित्रें उमटतात, जिन्याखालून आवाज येतात, बंद दुकानाच्या कांचेआडून एखादा अनोळखी चेहरा येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहूं लागतो. चार-दोन रात्री हा खेळ चालतो, परीक्षक गुण देऊन जातात, वायरी गुंडाळल्या जातात, आणि दुसरे दिवशीं तेथें पुन्हां भाजी विकली जाते. या कलेस 'स्थलनिष्ठ' असें म्हणतात. तिच्या सौंदर्याचा विचार पुष्कळांनीं केला आहे. आम्हांस येथें विचार करावयाचा आहे तो तिच्या नीतीचा.

परवानगी घेतली जात नाहीं असें नाहीं. नगरपालिकेचा कागद असतो, विजेच्या जोडणीचा कागद असतो, कोणास इजा होणार नाहीं अशी हमी देणारा कागद असतो. विद्यार्थ्यांचा निम्मा वेळ हे कागद गोळा करण्यांतच जातो असें म्हटलें तरी चालेल. परंतु हे सर्व कागद जागेच्या मालकाशीं संबंध ठेवणारे. चौकाला मालकाखेरीज आणखी पुष्कळ धनी असतात. दुकानाच्या माडीवर राहणारें कुटुंब, बाकावर रोज त्याच वेळीं येऊन बसणारा वृद्ध, रात्रपाळीहून परततांना तोच कोपरा वळणारी परिचारिका, यांच्या सहीचा कागद कोणी मागत नाहीं. चित्रशाळेंत जाणारा मनुष्य चित्रें पाहावयास जातो. न आवडल्यास बाहेर पडतो. चौकांत आलेला मनुष्य दूध घ्यावयास आलेला असतो, आणि कला त्याच्यापुढें न बोलावतां येऊन उभी राहते. मग तिनें त्याची संमति घ्यावयास हवी कीं नको? हवी असल्यास ती कोणत्या रीतीनें? आणि सर्वांची संमति घेऊन जें उरेल त्यास कला म्हणतां येईल काय? विशीच्या आंतबाहेरील मुलांच्या हातीं प्रोजेक्टर देण्यापूर्वीं त्यांच्या गुरूंनीं हे प्रश्न निदान स्वतःशीं तरी सोडविलेले असावेत अशी आमची अपेक्षा आहे.

या वादांतील गाजलेला खटला न्यूयॉर्कचा. तो माध्यमकलेचा नव्हे, पोलादाचा आहे. तथापि मुद्दा तोच. रिचर्ड सेरा या शिल्पकारानें सरकारी कचेऱ्यांपुढील फेडरल प्लाझांत १९८१ सालीं १२० फूट लांब व १२ फूट उंच अशी एक वक्र भिंत उभी केली. 'टिल्टेड आर्क' हें तिचें नांव. पटांगण ओलांडणाऱ्या नोकरांस तिला वळसा घालावा लागे. तक्रारी झाल्या, आणि १९८५ च्या मार्चमध्यें जाहीर सुनावणी झाली. १८० जण बोलले. त्यांतील १२२ भिंत ठेवावी या मताचे होते व ५८ काढावी या मताचे. तरीहि ती काढण्याचें ठरलें आणि १९८९ सालीं ती नेण्यांत आली. सेराचें म्हणणें असें कीं, ही कृति या जागेसाठीं घडविलेली आहे, सबब ती हलविणें म्हणजे तिचा नाश करणें. हें म्हणणें तर्कशुद्ध आहे. पण त्या तर्काचें दुसरें टोक सेरानें हातीं धरलें नाहीं. जी वस्तु या जागेवांचून जगूं शकत नाहीं असें आपण सांगतों, तिच्यावर त्या जागेचाहि कांहीं अधिकार चालतो हें कबूल करावें लागतें. जागेचा आधार घ्यावयाचा आणि जागेचें ऐकावयाचें मात्र नाहीं, हा व्यवहार एकतर्फी झाला.

बरें, जागेचें ऐकावयाचें म्हणजे मतें मोजावयाचीं काय? येथें लंडनचें उदाहरण आडवें येतें. रेचेल व्हाइटरीड या तरुण शिल्पकर्तीनें पूर्व लंडनच्या बो भागांत, ग्रोव्ह रोडवर, पाडून टाकलेल्या घरांच्या रांगेंतील उरलेलें एक घर घेतलें, त्याच्या आंतील पोकळीचा काँक्रीटमध्यें सांचा काढला आणि बाहेरच्या भिंती उतरविल्या. घरांतली हवाच जणूं घट्ट होऊन रस्त्यावर उभी राहिली. हें काम १९९३ च्या ऑक्टोबरांत पुरें झालें. २३ नोव्हेंबर रोजीं तिला टर्नर पारितोषिक मिळालें, आणि त्याच दिवशीं तेथील नगरसेवकांनीं तें शिल्प पाडण्याचा निर्णय केला. ११ जानेवारी १९९४ रोजीं तें पाडलें गेलें. निर्णय लोकनियुक्तांचा होता, रीतसर होता. तरी आम्हांस त्याची आजहि हळहळ वाटते. त्या काँक्रीटच्या भिंतीवर कोणीं तरी 'कशाला?' असें लिहिलें होतें आणि आणखी कोणीं 'कां नको?' असें उत्तर दिलें होतें. जुनीं घरें कोठें गेलीं, तीं कोणीं नेलीं, हा त्या वस्तीचाच प्रश्न होता, आणि भांडण्याच्या निमित्तानें कां होईना, वस्ती तो बोलूं लागली होती. हात वर करून घेतलेल्या मतांनीं तें बोलणें मध्येंच तोडलें. तेव्हां मतगणनेवर आमचा भरंवसा बसत नाहीं.

आम्हांस जें उदाहरण सर्वांत बोधप्रद वाटतें तें शिकागोचें. १९९३ सालींच त्या शहरांत मेरी जेन जेकब यांच्या योजनेखालीं 'कल्चर इन अ‍ॅक्शन' नांवाचा उपक्रम झाला. इनिगो मांग्लानो-ओवाये हा कलावंत त्यांत होता. त्यानें निवडलेली जागा म्हणजे वेस्ट टाउन. बव्हंशीं स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांची वस्ती, जेथें तरुणांच्या टोळ्यांनीं रस्ते आपसांत वांटून घेतले होते. हा गृहस्थ स्वतः त्याच वस्तींत राहणारा, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्यानें वस्तींतील मुलांच्या हातीं व्हिडिओ कॅमेरे दिले. कोणत्या कोपऱ्यावर उभें राहतां येतें व कोणत्या येत नाहीं, वर्तमानपत्रें आपल्याविषयीं काय लिहितात व आपण कसे आहोंत, हें त्या मुलांनीं स्वतः टिपलें. मग उन्हाळ्याच्या एका संध्याकाळीं रस्ता रहदारीस बंद करून सत्तरच्या आसपास टेलिव्हिजन संच रस्त्यावर आणि मोकळ्या जागांत मांडण्यांत आले, आणि शेजारीपाजारी आपल्याच मुलांचें बोलणें ऐकत त्यांतून हिंडले. यांतील एक गोष्ट आम्हांस त्या चित्रफितींहूनहि महत्त्वाची वाटते. एवढ्या संचांना लागणारी वीज आजूबाजूच्या घरांतून आली होती. खिडकींतून, उंबऱ्यावरून, पायऱ्यांवरून लांब वायरी रस्त्यावर उतरल्या होत्या.

या वायरीकडे वाचकांनीं क्षणभर पाहावें. ज्याच्या घरांतून वीज आली त्याला दरवाजा उघडावा लागला; दरवाजा उघडण्यापूर्वीं हें काय चालले आहे तें विचारावें लागलें; विचारणाऱ्यास कोणीं तरी नीट समजावून सांगावें लागलें. आणि मुख्य म्हणजे, मध्येंच त्याला कांहीं अनुचित वाटलें असतें तर उठून खटका बंद करणें त्याच्या हातीं होतें. नगरपालिकेच्या दहा शिक्क्यांत जी संमति सामावत नाहीं ती या एका वायरींत होती, असें आम्ही समजतों. संमति म्हणजे एकदां केलेली सही नसून जोंवर काम चालूं आहे तोंवर परत घेतां येण्याजोगा होकार, असा तिचा अर्थ घेतला तर पुष्कळ घोटाळे सुटतात. सेराच्या भिंतीला असा खटका नव्हता. तिला वळसा घालणाऱ्या कारकुनापाशीं तक्रारीवांचून दुसरा उपाय नव्हता.

परंतु यावर एक बळकट आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढें जाणें बरें नव्हे. १९८५ सालीं क्रिस्टोफ वोदिच्को हा पोलिश कलावंत लंडनच्या ट्रफाल्गार चौकांत नेल्सनच्या स्तंभावर प्रकाशचित्रें टाकीत होता. त्यासाठीं त्याला रीतसर निमंत्रण होतें. चौकाच्या कडेस दक्षिण आफ्रिकेची वकिलात; तेथें त्या काळीं वर्णद्वेषी राजवटीचें निशाण. वोदिच्कोनें आपला एक प्रोजेक्टर तिकडे वळविला आणि वकिलातीच्या माथ्यावरील त्रिकोणावर नाझींचें स्वस्तिक उमटविलें. सुमारें दोन तासांनीं पोलिसांनीं तें बंद करविलें. येथें खटका वकिलातीच्या हातीं असता तर ती कलाकृति जन्मासच आली नसती. मग आमची कसोटी खोटी ठरते काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. वकिलात ही सत्तेची इमारत. तिच्या दर्शनी भागावर रोज जें मिरविलें जातें त्यास चौकांतील कोणाचीहि संमति घेतलेली नसते. जो आपलें चिन्ह सर्वांच्या डोळ्यांवर लादतो त्यानें दुसऱ्याच्या दोन तासांच्या चिन्हाबद्दल संमतीचा प्रश्न काढावा हें शोभत नाहीं. दुकानाच्या माडीवर राहणाऱ्या बाईची गोष्ट निराळी. तिची भिंत कोणावर कांहीं लादीत नाहीं. बलवानास विचारावें लागत नाहीं आणि दुर्बळास विचारल्यावांचून चालत नाहीं, हा भेद विद्यार्थ्यांस शिकविणें अवघड आहे. कारण प्रत्यक्षांत विद्यार्थी नेमकें उलट करतात. बलवानाचा कागद ते मिळवितात आणि दुर्बळास गृहीत धरतात.

वोदिच्कोनें स्वतः हा भेद जाणला होता असें पुढील कामावरून दिसतें. १९९८ च्या सप्टेंबरांत बोस्टनच्या चार्ल्सटाउन भागांत त्यानें बंकर हिलच्या २२१ फूट उंच स्मारकस्तंभावर तीन रात्री चित्रें टाकलीं. त्या वस्तींत खून होत आणि कोणी साक्ष देत नसे. ज्यांचीं मुलें मारलीं गेलीं त्या आयांचे चेहरे व हात स्तंभावर दिसले आणि त्यांचा आवाज चौकांत ऐकूं आला. त्या आपण होऊन बोलल्या. दगडास कोणीं विचारलें नाहीं, पण तोंड उघडणारीस विचारलें. हाच क्रम योग्य होय.

आपल्याकडील वाचकांस हा प्रश्न परका वाटूं नये. गणेशोत्सवाचा मांडव ही एका अर्थीं स्थलनिष्ठ मांडणीच आहे. पुण्यांतील हलते देखावे पाहण्यास जें जमतें त्याहून मोठें प्रेक्षकवृंद कोणत्या कलाशाळेस मिळतें? तेथें वर्गणी देणारा शेजारी हा एक प्रकारें वायर देणाराच. परंतु त्याच मांडवांतील ध्वनिक्षेपकानें माडीवरच्या आजाऱ्याचा होकार कधीं विचारला नाहीं. शेवटीं २००० सालच्या नियमांनीं रात्रीं दहानंतर त्यास बंदी घालावी लागली, आणि सणाच्या कांहीं दिवशीं त्यांतूनहि सवलत काढण्यांत आली. डोळे मिटतां येतात, कान मिटतां येत नाहींत. उपनगराच्या चौकांत 'ध्वनिमांडणी' करणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें.

विद्यार्थी म्हणतील, आम्हांस एकच सत्र मिळतें, एवढ्या ओळखी कशा व्हाव्या? अडचण खरी आहे. पण तिचें मूळ मुलांत नाहीं, शिक्षणक्रमांत आहे. उपनगर निवडण्यामागें बहुधा अशी समजूत असते कीं, तेथें स्वतःचें असें कांहीं नाहीं, सबब आपण कांहीं तरी नेऊन द्यावें. जो चौक 'रिकामा' म्हणून निवडला त्याच्याशीं बोलण्यास वेळ राखून ठेवण्याचें कोणास सुचणार? आमच्या मतें पहिले कित्येक आठवडे मुलांनीं यंत्राविना तेथें जावें. कोण कोठें बसतो, दिवे केव्हां लागतात, कोणती भिंत कोणाच्या खिडकीसमोर येते हें पाहावें. कित्येक योजना तेथेंच गळून पडतील. पडूं द्याव्या.

आणखी एक बाब उरते, व ती या कलेच्या यांत्रिक स्वरूपांतून आली आहे. पोलादाची भिंत नेली कीं संपली. चित्रफीत संपत नाहीं. वायरी गुंडाळल्यावर चौकांतील माणसांचे चेहरे व आवाज विद्यार्थ्याच्या संग्रहांत जातात. नोकरीसाठीं अर्ज करतांना तो ते दाखवितो, परदेशांतील प्रदर्शनास धाडतो. शिकागोचें तें काम एका संध्याकाळीं थांबलें नाहीं. त्यांतूनच 'स्ट्रीट-लेव्हल यूथ मीडिया' ही संस्था निघाली आणि वस्तींतील मुलांच्या हातीं कॅमेरे राहिले. प्रत्येक तुकडीकडून एवढें घडणें शक्य नाहीं. पण ज्या दुकानदारानें आपलें बोलणें टिपूं दिलें त्यानें तें त्या चार रात्रींपुरतें दिलें होतें कीं कायमचें, हें विचारण्यास परीक्षा झाल्यानंतर कोणीं तरी त्याच्या दुकानापर्यंत एकवार जावयास हवें.