लेखकाला वाचू द्या

कॉलेजात लेखक येतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याला वाचू दिले जात नाही, बोलायला लावले जाते. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा लांबलचक परिचय, शाल-श्रीफळ, मग ‘साहित्य आणि समाज’ अशा कुठेही खपणाऱ्या विषयावर भाषण, आणि आभार. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या कॉलेजांतल्या इंग्रजी विभागांतही सहसा असेच घडते. मुले घरी जातात ती लेखकाची एक ओळही त्याच्या तोंडून न ऐकता.

व्याख्यानाचे मोल मला ठाऊक आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ ची. ठाण्यात म्हाळगी व्याख्यानमालेने जाणता श्रोता घडवला. पण इंग्रजी विभागात कविता आणि कथा शिकवल्या जातात. त्या लिहिणारा समोर बसलेला असताना त्याच्याकडून त्या ऐकायच्या नाहीत, हे मला पटत नाही. कवी कुठल्या शब्दावर थांबतो, कुठली ओळ पुढच्या ओळीत ओढून नेतो, हे कानांनाच कळते. टिपणांत ते सापडत नाही.

अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ घ्या. इंग्रजीत लिहिलेले हे पुस्तक १९७६ मध्ये आले, त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला आणि ते इंग्रजीच्या अभ्यासक्रमांत गेले. आता डोंबिवलीतली अशी एखादी विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणा, जिच्या घरचे कुलदैवत खंडोबा आहे. लहानपणापासून ती जेजुरीच्या गडाच्या पायऱ्या चढत आली आहे, भंडारा उधळत आली आहे. वर्गात ती याच गडाविषयी इंग्रजीतून वाचते आणि परीक्षेत ‘आयरनी’वर दहा मार्कांचे उत्तर लिहिते. आपल्या देवाकडे हा माणूस असा का बघतो, हा तिच्या मनातला प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. कोलटकर २००४ मध्ये गेले. पण आज लिहिणाऱ्यांना असे प्रश्न विचारता येतात, आणि तेही मराठीत.

कोलटकर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांचे होते, आणि ते एकटे नव्हते. विंदा करंदीकर इंग्रजी शिकवत. त्यांनी अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले आणि बापट-पाडगावकरांसोबत गावोगाव कविता वाचल्या. रा. भा. पाटणकर आणि विलास सारंग मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात होते. नेमाडेही इंग्रजीचेच प्राध्यापक. एवढी परंपरा असूनही पाहुणा ठरवताना मराठी कवीचे नाव निघाले, की ‘ते मराठी विभागाचे’ म्हणून बाजूला ठेवले जाते. ही वाटणी मुलांचे नुकसान करते.

दक्षिण मुंबईत संध्याकाळी होणारी वाचने कल्याणच्या मुलीला परवडत नाहीत. परतताना रात्रीची लोकल, घरच्यांची काळजी. म्हणून लेखकानेच इकडे यायला हवे. ऐकणाऱ्यांची इथे वाण नाही: कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आहे, आणि २०१७ चे साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले होते.

तेव्हा विभागप्रमुखांना विनंती एवढीच. पुढच्या वेळी लेखकाला विषय देऊ नका. तो वाचणार असलेली पाने आठ दिवस आधी मुलांच्या हाती द्या. सत्कार पाच मिनिटांत आटोपा, त्याला पाऊण तास वाचू द्या, आणि उरलेला सगळा वेळ मुलांच्या प्रश्नांना ठेवा, मग ते कुठल्याही भाषेत येवोत.