घर आपले, भुई कोणाची?

अंबरनाथ-बदलापुरात माणूस घर घेतो. भिंती त्याच्या होतात. खालची भुई मात्र कित्येकदा बांधणाऱ्याच्याच नावावर राहते. मग भुईभाड्याची नि देखभालीची मागणीपत्रे येतात, आणि पापभीरू माणसे मुकाट्याने पैसे भरतात. हिशेब विचारणे त्यांना भांडखोरपणाचे वाटते.

या सोशिकपणाला सद्गुण म्हणावे काय? मी पडलो मास्तर. रीत न दाखवता नुसते उत्तर लिहिणाऱ्याला मी गुण देत नाही. मग मागणीपत्रातल्या आकड्याची रीत का विचारू नये? महाराष्ट्राचा १९६३ चा सदनिका मालकी कायदा सांगतो, की रहिवाशांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत, ज्यासाठी घेतले त्यासाठीच खर्चावेत, आणि मालमत्ता त्यांच्या संस्थेच्या नावे होईपर्यंत भुईभाडे, कर, पाणीपट्टी बांधणाऱ्याने भरावी. तो ती नावे करून देत नसेल, तर २००८ च्या दुरुस्तीमुळे संस्थेला सक्षम अधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

पायाखालची भुई जाणे म्हणजे काय, हे शेजारच्या उल्हासनगरात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना विचारावे. म्हणून देणे असेल ते द्यावेच. पण भीतीपोटी दिले ते देणे नव्हे, खंडणी. लक्ष्मीपूजनाला आपण वहीपुढे हात जोडतो. मग ती उघडून पाहायला संकोच कसला?