लक्षण आणि परीक्षा : ईमेल पत्त्याच्या खरेपणाचा प्रश्न

एखादे ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरते, ते स्वतःच्या बळावर खरे मानावे की बाहेरच्या कसोटीला उतरल्यावरच, हा भारतीय दर्शनांतील प्रामाण्यवादाचा मूळ प्रश्न आहे. प्रामाण्य म्हणजे ज्ञानाचा खरेपणा. तो कुठून येतो आणि कसा कळतो याविषयी मीमांसक आणि नैयायिक यांच्यात शतकानुशतके वाद चालला. वेबसाइटवरील नोंदणीच्या अर्जात कुणी ‘ईमेल’ या चौकटीत काही अक्षरे भरतो आणि ती स्वीकारावीत की परत करावीत हे प्रोग्रामला क्षणार्धात ठरवावे लागते, तेव्हा हाच वाद पुन्हा उभा राहतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने मीमांसा किंवा न्याय यांचे नावही ऐकलेले नसले, तरी त्याने लिहिलेल्या दोन-चार ओळींत खरेपणाविषयीची एक भूमिका गृहीत धरलेली असते, आणि त्या भूमिकेवर एखाद्याला शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येतो की नाही हे अवलंबून असते. म्हणून ती भूमिका तपासून पाहणे हे तत्त्वचिंतनाचे काम ठरते.

वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरील भाष्यात शास्त्राची प्रवृत्ती तीन प्रकारची सांगितली आहे : उद्देश, लक्षण आणि परीक्षा. उद्देश म्हणजे वस्तूचा नामनिर्देश. लक्षण म्हणजे त्या वस्तूला इतर सर्व वस्तूंपासून वेगळे करणारा धर्म. आणि परीक्षा म्हणजे सांगितलेले लक्षण त्या वस्तूला खरोखर लागू पडते की नाही याचा प्रमाणांनी केलेला निर्णय. अर्जातील चौकटीवर ‘ईमेल’ असे लिहिणे हा उद्देश होय. भरलेली अक्षरे ठरावीक साच्यात बसतात की नाही हे पाहणारे सूत्र, ज्याला प्रोग्रामर रेग्युलर एक्स्प्रेशन किंवा थोडक्यात रेजेक्स म्हणतात, ते लक्षण होय. परीक्षा मात्र बहुतेक ठिकाणी झालेलीच नसते, आणि तरीही प्रोग्राम ‘पत्ता अवैध आहे’ असा निकाल देऊन मोकळा होतो. ईमेल पत्त्याच्या तपासणीतील जवळजवळ सर्व चुका लक्षणालाच परीक्षा समजण्यातून निर्माण होतात, हे पुढील विवेचनात दाखवायचे आहे.

प्रथम लक्ष्य, म्हणजे ज्याचे लक्षण करायचे ती वस्तू, पाहिली पाहिजे. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’ हे चिन्ह ठेवले, आणि तेव्हापासून ईमेल पत्त्याचे दोन भाग झाले : चिन्हाच्या आधीचा स्थानिक भाग आणि नंतरचा डोमेन, म्हणजे पत्र ज्या ठिकाणी न्यायचे त्या ठिकाणाचे नाव. पत्त्याच्या रचनेचे नियम ‘आरएफसी’ या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या इंटरनेटच्या नियमपत्रांत दिलेले आहेत. १९८२, २००१ आणि २००८ अशा तीन टप्प्यांत ते लिहिले व सुधारले गेले. स्थानिक भाग ६४ बाइटांपेक्षा मोठा असू नये, अशा काही मर्यादा त्यांत आहेत. पण त्यांतील सर्वांत अर्थपूर्ण नियम वेगळाच आहे. स्थानिक भागाचा अर्थ लावण्याचा अधिकार केवळ त्या डोमेनच्या सर्व्हरला आहे, वाटेतल्या इतर कुणालाही नाही, असे तो नियम सांगतो. त्यामुळे मोठी आणि लहान रोमन अक्षरे एकच मानायची की वेगळी, मधल्या टिंबाला महत्त्व द्यायचे की नाही, अधिक चिन्हानंतरचा मजकूर नावाचा भाग धरायचा की निव्वळ खूण, हे सर्व पत्र स्वीकारणारे घर ठरवते. अर्ज घेणाऱ्या वेबसाइटने याविषयी दिलेला निकाल हा दुसऱ्याच्या घरातील नाव चूक की बरोबर हे रस्त्यावरून ठरवण्यासारखा असतो.

लक्षणाचे दोष तीन आहेत, आणि अन्नंभट्टाने आपल्या तर्कसंग्रहावरील दीपिकेत ते गाईच्या उदाहरणाने स्पष्ट केले आहेत; यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांच्या १८९७ सालच्या मुंबईच्या आवृत्तीमुळे हा ग्रंथ महाराष्ट्रातील न्यायाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. ‘जी कपिल रंगाची ती गाय’ असे लक्षण केले तर पांढऱ्या आणि काळ्या गाई बाहेर राहतात. ही अव्याप्ती, म्हणजे लक्ष्याच्या काही भागाला लक्षण न पोचणे. ‘जिला शिंगे ती गाय’ असे म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. ‘जिचा खूर अखंड ती गाय’ असे म्हटले तर एकही गाय सापडत नाही; हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी पोळी हे गाईचे निर्दोष लक्षण मानले गेले, कारण ती प्रत्येक गाईला असते आणि इतर प्राण्यांना नसते असे परंपरेने धरले.

ईमेल पत्त्याला अशी पोळी नाही. कित्येक वर्षे असंख्य प्रोग्रामांत असे सूत्र लिहिले जात होते की पत्त्याच्या शेवटच्या टिंबानंतर दोन ते चारच अक्षरे असावीत. पण ‘म्यूझियम’ हे सहा रोमन अक्षरांचे डोमेन २००१ मध्येच अस्तित्वात आले होते, म्हणजे ते सूत्र कपिल गाईच्या लक्षणासारखे उघड अव्याप्त होते. अधिक चिन्ह नाकारणारी, आयरिश आडनावांतील अपॉस्ट्रफी नाकारणारी सूत्रेही याच दोषाची आहेत. उलट बाजूने, रचनेत पूर्ण निर्दोष असलेला पण जगात कुणाचाही नसलेला पत्ता कोणतेही सूत्र आत घेते, आणि ही अतिव्याप्ती सूत्र कितीही बारीक केले तरी जात नाही, कारण अस्तित्व हा अक्षरांचा धर्म नाही.

सूत्र मोठे करून पूर्णत्व गाठण्याचा प्रयत्नही झालेला आहे. मूळ नियमांप्रमाणे पत्त्यात कंसात टीप लिहिता येते आणि त्या कंसात आणखी कंस घालता येतो. शास्त्रीय अर्थाच्या रेग्युलर एक्स्प्रेशनला कितीही खोल गुंतलेले कंस मोजता येत नाहीत, हे गणिताने सिद्ध आहे. पर्ल भाषेतील एक प्रसिद्ध सूत्र हजारो चिन्हांचे झाले, तरी त्याला टिपा आधी वेगळ्या काढून टाकाव्या लागत. वेब पानांच्या एचटीएमएल या भाषेचे मानक ठरवणाऱ्यांनी याच्या उलट मार्ग धरला. त्यांनी ईमेलच्या चौकटीसाठी एक आटोपशीर सूत्र दिले आणि ते मूळ नियमाचे जाणूनबुजून केलेले उल्लंघन आहे अशी स्पष्ट कबुली दिली. मूळ नियम ‘ॲट’ चिन्हाच्या आधी फार कडक, त्यानंतर फार मोघम आणि टिपा व अवतरणचिन्हे यांच्या बाबतीत फार सैल आहे, असे कारणही दिले. लक्षण हे नेहमी प्रयोजनासाठी केलेले असते, आणि प्रयोजन उघड सांगितले की अपुरे लक्षणही प्रामाणिक राहते, हे या कबुलीतून दिसते.

अव्याप्तीची झळ कुणाला लागते हे मराठी वाचकाला जवळून दिसेल असे एक उदाहरण आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने अकरा चाचणी डोमेने सुरू केली, आणि त्यांतील देवनागरी नाव ‘उदाहरण.परीक्षा’ असे होते; न्यायशास्त्रातील दोन महत्त्वाचे शब्द तेथे योगायोगाने आले. २०१२ मध्ये स्थानिक भागातही जगातील सर्व लिप्या वापरण्याचे नियम प्रसिद्ध झाले आणि २०१४ मध्ये ‘.भारत’ हे डोमेन नोंदणीसाठी खुले झाले, म्हणजे संपूर्ण पत्ता देवनागरीत असणे नियमाने शक्य झाले. आता एखाद्या सद्हेतू प्रोग्रामरने ‘कोणत्याही लिपीतील अक्षर चालेल’ असे सूत्र लिहिले, तर ते ‘कमल’ हे नाव स्वीकारते आणि ‘माधव’ हे नाव नाकारते. याचे कारण असे की युनिकोड या लिपिसंकेतात क, म, ल ही ‘अक्षर’ या वर्गात मोडतात, पण काना, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्ताचे चिन्ह ही ‘जोडचिन्ह’ या वेगळ्या वर्गात मोडतात. ज्याच्या नावात एकही जोडचिन्ह नाही तोच आत जातो आणि बाकीच्यांना आपले काय चुकले हे कधीच कळत नाही. सूत्र लिहिणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो. त्याने आपल्या डोळ्यांसमोरच्या गाईलाच सर्व गाईंचे लक्षण मानलेले असते.

लक्षणाच्या पुढे अनुमान येते. ज्या डोमेनसाठी पत्रे स्वीकारणाऱ्या सर्व्हरची नोंद, म्हणजे एमएक्स नोंद, नावांच्या सार्वजनिक कोशात आहे, तिथला हा पत्ताही खरा असेल, असा तर्क प्रोग्राम करू शकतो. पण हा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, सव्यभिचार आहे, म्हणजे जे सिद्ध करायचे ते नसलेल्या ठिकाणीही तो आढळतो. गावात टपाल कार्यालय आहे एवढ्यावरून त्या गावात अमुक नावाचा मनुष्य राहतो हे सिद्ध होत नाही. नकारात्मक अनुमान अधिक बळकट असते, परंतु तेथेही सावधपणा हवा, कारण एमएक्स नोंद नसली तरी डोमेनच्या साध्या पत्त्यावरच पत्र नेऊन पाहावे असा नियम आहे.

अनुमानानंतर शब्दप्रमाण, म्हणजे आप्ताचे, विश्वासार्ह जाणत्याचे वचन. पत्रवाहनाच्या नियमांत ‘हा पत्ता तुमच्याकडे आहे का’ असे सर्व्हरलाच विचारण्याची आज्ञा पहिल्यापासून आहे. परंतु नको असलेली पत्रे पाठवणाऱ्यांनी तिचा वापर पत्ते हुडकण्यासाठी केला, म्हणून बहुतेक सर्व्हर तिला खरे उत्तर देत नाहीत. त्यांचे नेहमीचे उत्तर २५२ या क्रमांकाचे असते, आणि त्याचा आशय असा की पडताळणी करता येत नाही, पण पत्र घेऊन ते पोचवण्याचा प्रयत्न केला जाईल. काही सर्व्हर तर कोणत्याही नावाला होकार देतात आणि नंतर निवड करतात. जो सर्वांना हो म्हणतो त्याचा होकार प्रमाण राहत नाही, आणि जो मौन पाळतो त्याच्या मौनाचा अर्थ नकार असा करता येत नाही.

शेवटी उरते ते वात्स्यायनाने भाष्याच्या आरंभीच सांगितलेले प्रवृत्तिसामर्थ्य, म्हणजे ज्ञानाला अनुसरून केलेली कृती सफल होणे. दूरवर दिसलेले पाणी खरे की मृगजळ, हे जवळ जाऊन तहान भागते की नाही यावरून कळते. ईमेल पत्त्याच्या बाबतीत ही कृती म्हणजे त्या पत्त्यावर एकदाच वापरता येईल असे संकेतचिन्ह घातलेले पत्र पाठवणे आणि ते चिन्ह परत येते की नाही हे पाहणे. चिन्ह परत आले, तर पत्ता अस्तित्वात आहे, पत्र तेथे पोचते आणि ते वाचू शकणारा मनुष्य ही नोंदणी मान्य करतो, या तीन गोष्टी एकदम कळतात. तिसरी गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, कारण एक अक्षर चुकलेला पत्ताही पुष्कळदा रचनेने शुद्ध आणि प्रत्यक्षात दुसऱ्या कुणाचा तरी असतो, आणि त्या अनोळखी माणसाची संमती कोणत्याही सूत्रातून मिळत नाही.

येथे मीमांसकांचा आक्षेप उभा राहतो. ज्ञानाचा खरेपणा दुसऱ्या ज्ञानाने ठरवायचा असेल, तर त्या दुसऱ्याचा खरेपणा तिसऱ्याने ठरवावा लागेल आणि अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी, निर्माण होईल. हा आक्षेप पुस्तकी नाही. अनेक कार्यालयांत सुरक्षिततेसाठी बसवलेले प्रोग्राम आलेल्या पत्रातील दुवे माणसाच्या आधी स्वतःच उघडून तपासतात. मग दुवा उघडला गेला यावरून माणसाने संमती दिली असे कसे म्हणावे? म्हणून दुवा उघडल्यावर दिसणाऱ्या पानावर पुन्हा एक बटण दाबायला सांगण्याची पद्धत पडली आहे. नैयायिकांचे उत्तर असे की साखळी संशय असेपर्यंतच चालते; जिथे संशय उरत नाही तिथे नवी कसोटी लागत नाही. बातमीपत्रासाठी एक बटण पुरे होते; बँकेच्या खात्यासाठी पुरे होत नाही.

कुमारिलभट्टाच्या मताने ज्ञान स्वभावतः प्रमाण असते, आणि त्याचे अप्रामाण्य दोनच कारणांनी कळते : त्याला बाध आणणारे दुसरे ज्ञान झाले, किंवा ते ज्या कारणांतून आले त्यांत दोष आढळला. चौदाव्या शतकातील मिथिलेचा गंगेश याला हरकत घेतो. ज्ञानाबरोबरच त्याचे प्रामाण्यही कळत असते, तर अपरिचित विषयात संशय निर्माणच झाला नसता, असे तो म्हणतो. वेबसाइटच्या व्यवहारात या दोन्ही मतांना आपापली जागा आहे. प्रवेशद्वाराशी मीमांसकाची वृत्ती योग्य ठरते : स्वतःचा पत्ता सांगणारा मनुष्य त्या विषयातील पहिला आप्त आहे, म्हणून ‘ॲट’ चिन्हच नसणे, त्याच्या एखाद्या बाजूला काहीच नसणे असा उघड दोष दिसला तरच त्याला थांबवावे, आणि प्रसिद्ध सेवेच्या नावातील अक्षरांची उलटापालट दिसली तर नकार न देता विचारून घ्यावे. आत मात्र नैयायिकाची वृत्ती हवी : सफल कृतीने पत्ता सिद्ध होईपर्यंत त्याच्यावर कोणतीही गुप्त किंवा किमती गोष्ट सोपवू नये.

या विभागणीला नैतिक कारण आहे. अतिव्याप्तीने आत आलेला खोटा पत्ता पुढच्या पत्राने उघडा पडतो, म्हणून ती चूक दुरुस्त होते. अव्याप्तीने बाहेर राहिलेल्या माणसासाठी पुढची पायरीच नसते. त्याच्याजवळचा पुरावा, म्हणजे त्याच्या पेटीत येऊ शकणारे पत्र, कधी मागितलाच जात नाही. ज्या न्यायव्यवस्थेत साक्ष ऐकण्यापूर्वीच साक्षीदाराला बाहेर काढले जाते तिच्यातील दोष आणि या सूत्रातील दोष एकाच जातीचे आहेत.

सिद्ध झालेला पत्ताही कायमचा सिद्ध होत नाही, कारण पेट्या बंद होतात, नोकऱ्या बदलतात, डोमेने दुसऱ्यांच्या हाती जातात. परीक्षा त्या त्या काळापुरती खरी असते. म्हणून प्रोग्रामच्या तोंडी घालायची वाक्येही त्याला जेवढे खरोखर कळले आहे तेवढीच असावीत. ‘हा पत्ता अवैध आहे’ हे वाक्य केवळ साचा पाहून बोलण्याचा अधिकार कुणालाही नाही. ‘या पत्त्यात ॲट चिन्ह दिसत नाही, कृपया पुन्हा पाहावे’ आणि ‘या पत्त्यावर पत्र पाठवले आहे, ते मिळाल्यावर पुढे जाता येईल’ ही दोन वाक्ये त्याला खुशाल बोलता येतात, कारण पहिल्यात त्याने पाहिलेले आणि दुसऱ्यात त्याने केलेले सांगितले आहे. आणि पत्ता खरा की नाही हे सांगण्याचे काम, ज्या व्यक्तीचा तो पत्ता आहे तिच्या उत्तरावर सोपवले आहे.