दोन लोखंडांमधला कागद

जुन्या ट्रकच्या मागच्या ॲक्सलखाली तेलाचा काळा डाग दिसला की बहुतेक मालक एकच वाक्य बोलतात : "जुनी गाडी आहे, थोडं गळायचंच." हे वाक्य अनुभवाचे वाटते. पण त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. जे अटळ आहे ते सोसावे, हे शहाणपण खरे. परंतु जे दुरुस्त होऊ शकते त्यालाच अटळ ठरवणे, याला काय म्हणावे?

प्रथम गळतीचे कारण पाहू. ॲक्सलच्या मधोमध जो फुगीर भाग असतो, त्यात क्राऊन आणि पिनियन ही दातेरी चाके ९० नंबरच्या दाट तेलात फिरत असतात. इंजिनाची शक्ती काटकोनात वळवून चाकांना देणे, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक फिरू देणे, हे या डिफरन्शियलचे काम. हा जड गोळा हौसिंगला बोल्टांनी आवळलेला असतो आणि दोन लोखंडी पृष्ठभागांमध्ये जाड कागदाचे पॅकिंग असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते कडक होते, आक्रसते, चिरते. मग तेल झिरपू लागते. मराठीत 'गळती' म्हणा, कन्नडमध्ये 'सोरिके' म्हणा. पॅकिंगला मात्र दोन्हीकडच्या गॅरेजात पॅकिंगच म्हणतात.

यावर उपाय तीन. पहिला, कमी झालेले तेल पुन्हा पुन्हा भरत राहणे. दुसरा, सांध्यावर बाहेरून सिलिकॉनचा लेप देणे. तेलकट लोखंडावर तो फार दिवस धरत नाही. तिसरा उपाय कष्टाचा : तेल काढायचे, दोन्ही ॲक्सल शाफ्ट ओढायचे, प्रोपेलर शाफ्ट सोडायचा, गोळा खाली उतरवायचा, जुने पॅकिंग खरवडून दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ व कोरडे करायचे, सपाटी तपासायची आणि नवे पॅकिंग घालून बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी सारखे आवळायचे. यात दिवस मोडतो.

एवढे करूनही काही गाड्या पुन्हा गळतात. हौसिंगवर ब्रीदर नावाचे एक बारीक छिद्र असते. गाडी धावली की आतली हवा तापून प्रसरण पावते आणि तिथून बाहेर पडते. ते चिखलाने बुजले तर आतला दाब वाढतो आणि जिथे कमजोर जागा सापडेल तिथून तेल ढकलतो. म्हणजे दोष एकीकडे आणि डाग दुसरीकडे! घरात किंवा शाळेत एखादा मुलगा एकाएकी उद्धट होतो, तेव्हा आपण त्या 'कमजोर पॅकिंग'ला शिक्षा करतो. ब्रीदर कोणी बुजवला, हे क्वचितच पाहतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बंद झालेल्या सांध्याच्या आत मिस्त्रीने जुने पॅकिंग नीट खरवडले की नाही, हे कोणालाच दिसत नाही. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये गायजीसच्या अंगठीची कथा आहे. ती अंगठी फिरवली की माणूस अदृश्य होतो. असा माणूस न्यायाने वागेल काय, हा तिथला प्रश्न. वाचकहो, अशी अंगठी प्रत्येक कारागिराच्या बोटात असते. मास्तरांच्याही असते, वही तपासताना आपण किती ओळी खरोखर वाचल्या, हे आपल्यालाच ठाऊक.

यावर एक रास्त आक्षेप येईल. हप्ता डोक्यावर, भाडे ठरलेले, गाडी एक दिवस उभी राहिली तर चूल कशी पेटणार? गरिबाला नीती सांगणे सोपे असते. हा आक्षेप मला पटतो. म्हणून तात्पुरत्या दुरुस्तीला मी पाप म्हणणार नाही. "आज एवढंच केलंय मालक, पावसाआधी उघडावं लागेल," असे सांगून दिलेला लेप प्रामाणिकच आहे. तोच लेप 'पक्कं काम' म्हणून खपवला की ते असत्य होते. एकाच कामाचे नैतिक मोल त्याबरोबर बोललेल्या वाक्याने बदलते.

पण सांगून टाकल्याने सगळीच जबाबदारी संपत नाही. धोका कोणाच्या वाट्याला जातो, हेही पाहावे लागते. बुजलेल्या ब्रीदरमुळे वाढलेला दाब ॲक्सलच्या नळीतून चाकापर्यंत पोहोचतो. तिथले सील हरले की तेल ब्रेकच्या लायनरवर जाते आणि ब्रेक धरत नाही. आंबोली किंवा चोर्ला घाट उतरताना त्याची किंमत चालक मोजतो, किंवा समोरून येणारा अनोळखी माणूस. पावसात ओल्या वळणावर पडलेल्या तेलावरून घसरणाऱ्या दुचाकीस्वाराला तर कोणी काही विचारलेलेच नसते. टाळलेल्या दुरुस्तीचा खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या नावावर चढतो. स्वतःचे नुकसान सोसण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. दुसऱ्याच्या वतीने धोका पत्करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

म्हणून 'थोडं गळायचंच' म्हणण्यापूर्वी एवढेच पाहावे : हे गळणे कोणाच्या वाटेवर पडते आहे? आपल्याच अंगणात पडत असेल तर सवडीने पाहता येईल. लोकांच्या रस्त्यावर पडत असेल, तर गाडी आजच उभी करावी.